पानाआधी फूल: टेकडीवरचा रानकांदा आणि कुंडीतलं मे फ्लॉवर

चैत्र सरत आला की पुण्याच्या टेकड्या वर्षातल्या सगळ्यात कोरड्या अवस्थेत असतात. गवत वाळून करडं झालेलं असतं, मुरूम दिवसभर तापतो आणि शेवटचा चांगला पाऊस होऊन सहा-सात महिने उलटलेले असतात. अशा जमिनीतून, पानाचा कुठेही मागमूस नसताना, एक सडसडीत दांडा सरळ वर येतो. उंची हात-दीड हात. त्यावर अंतराअंतरानं लटकलेल्या मळकट, हिरवट-तपकिरी कळ्या. दुपारी तो वाळक्या काडीसारखा दिसतो आणि शेजारून गेलो तरी लक्षात येत नाही. ऊन कलल्यावर मात्र त्याच्या कळ्या उघडू लागतात. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, फिकट रंगाचं नाजूक फूल. हा रानकांदा. काही जण त्याला कोळकांदा म्हणतात.

याच सुमारास शहरातल्या कुंड्यांमध्येही तसंच काही घडत असतं. चार महिने रिकाम्या वाटणाऱ्या कुंडीतून एक जाड कोंब निघतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर लालभडक फुलांचा गोल गेंद उमलतो. पुण्याच्या नर्सऱ्यांमध्ये त्याला मे फ्लॉवर म्हणतात, कुणी फुटबॉल लिलीही म्हणतं.

एक वनस्पती इथल्या मातीतली, दुसरी आफ्रिकेतून बागेत आलेली. दोघींचं कूळ वेगळं, रंगरूप वेगळं. वर्षाचा क्रम मात्र एकच: आधी फूल, मग पान, मग झोप. पाणी नसताना, पान नसताना हे फूल येतं कुठून? ते गेल्या पावसाळ्यातल्या पानांनी जमिनीखाली साठवलेल्या अन्नातून येतं. हे नीट समजलं की बागेतला कांदा का फुलत नाही याचा उलगडा होतो आणि टेकडी कशी राखायची हेही कळतं.

कांद्याच्या आत काय असतं?

स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरून पाहिला तर रानकांद्याची आणि मे फ्लॉवरची आतली रचना बरीचशी समजते. अगदी तळाशी जी चपटी, टणक चकती असते ते या झाडाचं खरं खोड. मुळं तिच्या खालून फुटतात. चकतीवर एकावर एक बसलेल्या रसाळ पाकळ्या म्हणजे पानांचे जाड झालेले तळ. पानं आपलं काम संपवून वाळून जातात, पण त्यांचा तळ अन्नानं आणि पाण्यानं भरलेला राहतो. सगळ्यात बाहेरचे पापुद्रे कागदासारखे कोरडे होतात आणि आतला ओलावा धरून ठेवतात. मधोमध, सगळ्या थरांच्या पोटात, पुढच्या वर्षीचा कोंब असतो.

सुरणाचा कंद किंवा आल्याचं कुडं यांच्यापेक्षा ही रचना वेगळी आहे. तिथे अन्न फुगलेल्या खोडात साठतं, इथे ते पानांच्या तळात साठतं. म्हणून या कांद्याचा आकार थेट पानांवर अवलंबून असतो. पानं जितकी मोठी आणि जितके जास्त दिवस हिरवी, तितके थर जाड.

अशा अनेक वनस्पतींना आणखी एक सोय असते. त्यांची काही मुळं वाढीच्या काळात आखडतात, त्यांच्यावर आडव्या सुरकुत्या पडतात आणि त्या ओढीनं कांदा हळूहळू खाली सरकतो. पृष्ठभागावर रुजलेलं बी काही वर्षांत असं खोल जातं. वरच्या थरातली माती एप्रिलमध्ये भाजून निघते, खालच्या मातीत तापमानाचा चढउतार कमी असतो. चरणाऱ्या जनावरांच्या खुरांपासून आणि गवताला लागणाऱ्या वणव्यापासूनही खोलवरचा कांदा वाचतो.

फूल पावसाआधीच का?

वसंतात टेकडीवर फिरणाऱ्याला पानाआधी फूल ही गोष्ट नवी नाही. पळस, पांगारा, काटेसावर हे सगळे पानं गाळून फुलतात. पानं नसली की झाडातलं पाणी बाष्प होऊन उडण्याचं प्रमाण घटतं आणि फुलं दुरून दिसतात, त्यामुळे पक्षी आणि कीटक त्यांच्याकडे वळतात. शेवळंही पहिल्या पावसाच्या तोंडावर आधी फुलोरा वर काढतं आणि पान मागाहून येतं.

रानकांद्याच्या बाबतीत मोठं कारण बियांच्या वेळेचं आहे. फुलं दांड्यावर खालून वर क्रमानं उमलतात. एकेक फूल एका रात्रीपुरतं असतं, सकाळपर्यंत ते मिटून जातं आणि संध्याकाळी वरची पुढची कळी उघडते. खालच्या फुलांची तोवर तीन कप्प्यांची बोंडं धरू लागतात. मे महिन्यात ती वाळून तडकतात. आतलं बी काळं, चपटं आणि हलकं असतं, ते वाऱ्यानं आसपास पसरतं. आणि मग जूनमध्ये मृगाचा पाऊस येतो. बी जमिनीवर पडायला आणि जमीन ओली व्हायला जवळजवळ एकच गाठ पडते, त्यामुळे अंकुराला वाढायला पूर्ण पावसाळा मिळतो. हेच फूल पाऊस पडल्यावर आलं असतं, तर बी तयार होईपर्यंत ओलाव्याचे निम्मे दिवस संपले असते. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. टेकडीवरच्या बेसॉल्टच्या खडकावर मातीचा थर पातळ असतो, म्हणून तिथला ओलावा आणखी लवकर सरतो. अशा ठिकाणी रोपट्याला प्रत्येक आठवडा मोलाचा असतो.

रानकांद्याचा एक नातलग भूमध्य समुद्राच्या काठी वाढतो. त्याचा कांदा कितीतरी मोठा, काही किलो वजनाचाही होतो. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. म्हणून तिथला सागरी कांदा उन्हाळ्याच्या अखेरीस, शरदाच्या तोंडावर, पानांशिवाय फुलतो आणि हिवाळी पावसात पानं काढतो. पंचांगातले महिने वेगळे, नियम तोच: कोरड्या ऋतूच्या शेवटी फूल, पाऊस आला की पान. क्रीट बेटावर नववर्षाला हा कांदा उपटून घराच्या दारावर टांगतात, कारण मातीतून काढल्यावरही तो हिरवा राहून वाढत राहतो. कांद्यात किती साठा असतो याचा याहून सरळ पुरावा शोधायची गरज नाही.

पावसाळा: खऱ्या कामाचे महिने

जूनमध्ये रानकांद्याचा दांडा वाळून पडलेला असतो. पहिल्या दोन-तीन सरींनंतर त्याच जागी पट्ट्यासारख्या लांबट, गुळगुळीत पानांचा झुबका फुटतो. गवतात ती पानं चटकन ओळखू येत नाहीत, आणि वसंतात ज्यानं फूल पाहिलेलं असतं त्यालाही ती त्याच झाडाची आहेत हे उमगत नाही. याच काळात टेकडीवर इतरही कंदवर्गीय झाडं वर येतात: ठिपकेदार पानांची लेडेबुरिया, काळी मुसळी, कळलावी. चार महिन्यांत वर्षाचं काम उरकायचं, हा या सगळ्यांचा शिरस्ता.

पानं उन्हात अन्न तयार करतात, ते खाली उतरतं आणि थरांमध्ये साठतं. वाळून गेलेल्या जुन्या थरांच्या आत नवे थर तयार होतात. आणि आपल्या नजरेआड, कांद्याच्या गाभ्यात, पुढच्या फुलोऱ्याची पायाभरणी होते. बागेतल्या अमॅरिलिसवर, म्हणजे हिपिॲस्ट्रमवर, याचा बारकाईनं अभ्यास झालेला आहे. त्या कांद्यात साधारण चार पानं तयार झाली की एक फुलोरा धरतो, आणि गाभ्यात धरलेला तो इवलासा फुलोरा बाहेर यायला साधारण वर्ष लागतं. मार्चमध्ये दिसणारा दांडा आदल्या वर्षीच आत घडलेला असतो. म्हणून मार्चमध्ये खत घालून त्याच मार्चमध्ये फूल मिळत नाही.

ऑक्टोबरमध्ये जमीन सुकू लागते, पानं टोकाकडून पिवळी पडतात आणि झाड वरून दिसेनासं होतं. ते मेलेलं नसतं. थंडीचे महिने विश्रांतीत जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये उष्मा वाढू लागला की आत तयार असलेला दांडा लांबतो आणि वर येतो. त्याला लागणारं पाणीही कांद्याच्या थरांतूनच येतं.

ट्युलिप पुण्यात का रमत नाही?

वसंतातला कांदा म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे ट्युलिप येतं. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली सुरू झालेली ट्युलिपची बाग पाहून आलेले पुणेकर हौसेनं त्याचे कांदे मागवतात. ट्युलिपचा कांदाही आदल्या वर्षीच्या अन्नावरच फुलतो, पण त्याचं कुलूप वेगळ्या किल्लीनं उघडतं. कळी आत तयार झाल्यावर तिला सलग बारा ते सोळा आठवडे थंडी लागते, साधारण नऊ अंश सेल्सिअसच्या खालची. त्याशिवाय दांडा लांबत नाही. पुण्याच्या जानेवारीत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दुपारी तो तीस अंशांच्या आसपास जातो. शीतगृहात ठेवलेला कांदा विकत आणून इथे एकदा फुलवता येतो. मात्र नंतर त्याच्या पानांना थंड, लांबलेला वसंत मिळत नाही, साठा भरत नाही आणि पुढच्या वर्षी तो बहुधा फुलत नाही.

आपल्याकडच्या कांद्यांना थंडी नको, कोरडी विश्रांती हवी. त्यांचा वसंत उन्हाचा असतो. हा फरक लक्षात ठेवला तर पुण्यात कोणते कांदे लावावेत हा प्रश्न सुटतो: मे फ्लॉवर, अमॅरिलिस, पावसाळी लिली, निशिगंध. यातलं मे फ्लॉवर रानकांद्याच्या क्रमाशी सगळ्यात जवळचं, म्हणून त्याचं वर्ष तपशिलानं पाहू.

मे फ्लॉवरचं वर्ष, कुंडीत

शास्त्रीय भाषेत याला स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस म्हणतात. जुन्या बागकामाच्या पुस्तकांत ते हिमँथस या नावानं आढळतं. एका गेंदात शंभर ते दोनशेपर्यंत छोटी फुलं असतात आणि गेंद आठवडा-दहा दिवस टिकतो.

फेब्रुवारी-मार्च: नवा कांदा लावायचा तो या दिवसांत. आठ ते दहा इंची कुंडी पुरते. तळाला खापऱ्या किंवा विटांचे तुकडे घालावेत. नर्सरीतली लाल माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग आणि जाडसर वाळू एक भाग असं मिश्रण करावं. पुण्याची काळी चिकण माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि झोपलेला कांदा कुजतो. कांद्याची मान मातीच्या पातळीवर राहील इतकंच खोल लावावं. एकदा थोडं पाणी देऊन कुंडी बाजूला ठेवावी.

एप्रिल-मे: कोंब दिसेपर्यंत पाण्याची घाई करू नये. कोंब वर आला की माती जेमतेम ओलसर राहील इतकं पाणी द्यावं. फूल उमलल्यावर कुंडी दुपारच्या उन्हातून सावलीत घेतली तर गेंद जास्त दिवस टिकतो. फूल सुकलं की बी नको असल्यास दांडा बुडाशी कापावा, म्हणजे बी पोसण्यात जाणारं अन्न कांद्यात राहतं. बी धरलं तर लाल फळं येतात. बियांपासूनही रोप होतं, पण फूल यायला तीन-चार वर्षं धीर धरावा लागतो.

जून ते सप्टेंबर: रुंद हिरवी पानं येतात आणि झाडाची शोभा संपली असं वाटून अनेक जण कुंडी कोपऱ्यात ढकलतात. काळजी घ्यायची वेळ खरं तर हीच. सकाळचं तीन-चार तास ऊन किंवा झाडाखालचा कवडशांचा उजेड मिळेल अशी जागा द्यावी. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, एखादा चमचा हाडांचा चुरा आणि थोडी लाकडाची राख घालावी. पाणी निथळतं आहे ना हे बघत राहावं.

याच महिन्यांत लिलीवरच्या पतंगाची अळी येते. काळ्या अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके असलेल्या या अळ्या झुंडीनं येतात आणि दोन-तीन दिवसांत सगळी पानं फस्त करतात. पानाच्या पाठीमागे अंड्यांचे पुंजके दिसले की पुसून टाकावेत, अळ्या वेचून काढाव्यात. पावसाळ्यात रोज एकदा पान उलटून पाहण्याची सवय फवारणीपेक्षा जास्त उपयोगी पडते. अळीनं खाल्लेलं पान म्हणजे पुढच्या मे महिन्यातलं कमी झालेलं अन्न.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करत थांबवावं. पिवळं पान कापून टाकण्याचा मोह आवरावा, कारण शेवटचा अंश त्यातूनच खाली उतरत असतो. पूर्ण वाळलं की ते हलक्या हातानं ओढल्यावर निघून येतं.

डिसेंबर ते मार्च: कुंडी कोरडी राहू द्यावी. शेजारच्या कुंड्यांना पाणी घालताना तिलाही सवयीनं पाणी मिळतं आणि कांदा सडतो. म्हणून ती वेगळी ठेवावी आणि तिच्यावर नाव लिहून चिठ्ठी लावावी, म्हणजे रिकामी समजून कुणी त्यात दुसरं रोप लावणार नाही. कुंडी दरवर्षी उपसण्याचीही गरज नाही. तीन-चार वर्षांनी पिल्लं दाटली की विश्रांतीच्या काळात ती वेगळी करावीत.

फूल आलं नाही तर कारणं शोधण्यासाठी मागचा पावसाळा आठवावा. पानं सावलीत होती का? अळीनं खाल्ली का? हिरवी असतानाच कापली गेली का? हिवाळाभर कुंडी ओली राहिली का? कांदा लहान पिल्लू होता का? बहुतेक वेळा उत्तर या पाचांतच सापडतं.

विषाबद्दल स्पष्ट सांगायला हवं

रानकांदा दिसायला खाण्याच्या कांद्यासारखा असला तरी तो खायचा नाही. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. औषधकोशांत त्याची नोंद झाली ती याच गुणामुळे, आणि भूमध्य प्रदेशातल्या त्याच्या नातलगाची एक जात उंदीर मारायला वापरली जात असे, तीही याच गुणामुळे. औषधी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं, म्हणून घरगुती प्रयोग कधीच करू नये. कांदा सोलताना निघणाऱ्या रसानं कातडीला खाजही सुटते. मे फ्लॉवरचा कांदाही विषारी आहे. लहान मुलं आणि पाळीव कुत्री-मांजरं जिथे माती उकरतात तिथे तो ठेवू नये, आणि लावणी करताना हातमोजे घालावेत. रानकांद्याला मात्र या विषाचा फायदा होतो: गुरं त्याच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत.

टेकडीनं काय द्यायचं आणि आपण काय करायचं

रानकांद्याचा अभ्यास करू पाहणाऱ्यांना पुण्यात मोठी परंपरा सापडते. इथल्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेचे, प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. जुने ग्रंथ चाळताना रानकांदा 'अर्जिनिया इंडिका' या नावाखाली शोधावा. आज त्याचं मान्य नाव 'ड्रिमिया इंडिका' आहे.

आता या झाडाचं वर्षचक्र डोळ्यांपुढे ठेवून टेकडीकडे पाहू. पुण्याच्या टेकड्यांवर वृक्षारोपणात उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प, मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. हे झाड हिवाळ्यात पानं गाळतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलतं. तेव्हा त्याखालची जमीन उजेडात दिसते आणि सगळं ठीक वाटतं. पावसाळ्यात मात्र त्याची दाट सावली पडते, नेमकी रानकांद्याच्या पानांना उन्हाची गरज असते तेव्हा. फुलाच्या वेळी उजेड आणि पानाच्या वेळी अंधार, असं वर्षामागून वर्ष झालं तर कांदा भरत नाही. तो लगेच मरत नाही, पण फुलणं थांबवतो, बी पडणं थांबतं आणि नवी पिढी येत नाही.

वणव्याचंही असंच. फेब्रुवारी ते मेमध्ये लागलेल्या आगीत जमिनीखालचा कांदा वाचतो, पण दांडा जळतो आणि त्या वर्षीचं बी जातं. चर आणि खड्डे खणताना तर मुळासकट कांदे वर फेकले जातात. म्हणून गवताळ, उघडी टेकडी ओसाड समजून ती झाडांनी भरून टाकण्याआधी तिथे पावसाळ्यात आणि वसंतात, दोन्ही वेळा, जमिनीकडे वाकून पाहायला हवं. एकाच ऋतूत केलेली पाहणी अर्धीच ठरते, कारण हे झाड एका ऋतूत नुसतं फूल असतं, दुसऱ्यात नुसतं पान आणि तिसऱ्यात काहीच नसतं.

रानकांदा टेकडीवरून खणून घरी आणू नये. तो फुलण्याजोगा व्हायला अनेक पावसाळे गेलेले असतात, आणि त्याचं बी तिथल्याच मुरमावर पडायला हवं. हौस भागवायला नर्सरीतले कांदे आहेत. एप्रिलमधल्या एखाद्या संध्याकाळी टेकडीवर फुललेला दांडा दिसला तर जवळच्या खडकाची, झुडपाची खूण लक्षात ठेवावी आणि श्रावणात त्याच जागी जाऊन पानं आली आहेत का ते बघावं. जोमदार पानं दिसली तर पुढच्या चैत्रात तिथे फूल येण्याची आशा ठेवायला हरकत नाही. दिसली नाहीत, तर सावली वाढली, जमीन उकरली गेली की आणखी काही झालं, हे तपासायला आपल्या हातात उरलेला पावसाळा असतो.